देशाची लोकसंख्या, दिल्लीची लोकसंख्या आणि सत्तरीतल्या शाळेचा पट

बाई, तुमचा प्रश्न आधी इथे थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही गोव्याच्या सत्तरी तालुक्यात भूगोल शिकवता. लोकसंख्येचा धडा चालू असताना नववीतल्या एका मुलीने तुम्हाला विचारले, भारताची लोकसंख्या जगात सगळ्यांत जास्त आहे, दिल्ली टोकियोलाही मागे टाकणार असे छापून येते, मग आमच्या वाड्यावरची प्राथमिक शाळा मुलांअभावी बंद कशी झाली? आणि दिल्लीची लोकसंख्या एका पुस्तकात पावणेदोन कोटी, दुसरीकडे तीन कोटी, यांतली खरी कोणती?

नोकरीची बहुतेक वर्षे मी गोव्यात सांख्यिकीच्या कामात घालवली. जन्ममृत्यूच्या नोंदी तपासल्या, जनगणनेच्या वेळी प्रगणकांना शिकवले, त्यांच्याबरोबर वाड्यावाड्यांतून हिंडलो. म्हणून सांगतो, त्या मुलीचा प्रश्न फार मोलाचा आहे. तिला ज्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, त्या दोन्ही एकाच वेळी खऱ्या आहेत. देशाचा आकडा प्रामुख्याने जन्म आणि मृत्यू यांच्यातल्या फरकाने हलतो. शहराच्या आकड्यात त्याशिवाय आणखी दोन गोष्टी मिसळतात, येणारी-जाणारी माणसे आणि आखलेली हद्द. दिल्लीच्या गर्दीचे कारण देशाला लावले किंवा देशाच्या वाढीचे कारण दिल्लीला लावले, की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आधी देश घेऊ. १९११ साली भारताची लोकसंख्या २५.२१ कोटी होती आणि १९२१ साली २५.१३ कोटी. दहा वर्षांत ती वाढली नाही, उलट घटली. १९१८ च्या फ्लूच्या साथीने देशभर घरेच्या घरे ओस पाडली होती. गोव्यातही तेच झाले, त्याच काळात आपण ४.८७ लाखांवरून ४.६९ लाखांवर आलो. त्या काळी माणसे मुले कमी जन्माला घालत नव्हती. जन्म भरपूर होते, पण मृत्यूही तितकेच होते, त्यामुळे आकडा जागच्या जागी राहायचा. स्वातंत्र्यानंतर जन्म लगेच वाढले असे नाही, मृत्यू झपाट्याने कमी झाले. देवी, हिवताप, पटकी यांवर उपाय आले, दुष्काळात धान्य पोचू लागले. १९४० च्या दशकात सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होते, आज ते ७० च्या आसपास आहे. १९७१ साली हजार जिवंत जन्मांमागे १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत होती, २०२३ मध्ये हा आकडा २५ वर आला. ‘लोकसंख्येचा स्फोट’ हे शब्द आपण भीतीने उच्चारतो, पण त्या वाढीतला मोठा भाग म्हणजे न मेलेली मुले आहेत. वर्गात हे आवर्जून सांगा.

पुढचे आकडे तुमच्याकडे असतीलच: १९५१ मध्ये ३६.११ कोटी, १९७१ मध्ये ५४.८२, १९९१ मध्ये ८४.६४, २००१ मध्ये १०२.८७ आणि २०११ मध्ये १२१.०९ कोटी. पण नुसते आकडे पाठ करून घेण्यापेक्षा वेग दाखवा. १९६१ ते १९७१ या दशकात वाढ २४.८ टक्के होती, २००१ ते २०११ मध्ये ती १७.७ टक्क्यांवर आली. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, १९११-२१ चा अपवाद सोडला तर २००१-११ हे पहिले दशक असे की ज्यात आधीच्या दशकापेक्षा कमी माणसांची भर पडली. फरक अगदी थोडा, दोन्ही दशकांत वाढ १८ कोटींच्या वरच. पण उताराला सुरुवात तिथे झाली.

आणि जन्मांचे काय? एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुले होतात, त्याला एकूण जननदर म्हणतात. १९७१ च्या सुमारास तो पाचाच्या वर होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो २.० निघाला, आणि निवडक वस्त्यांतल्या जन्ममृत्यूंची सतत नोंद ठेवणाऱ्या नमुना नोंदणी योजनेच्या २०२३ च्या अहवालात १.९. लोकसंख्या पिढ्यान्‌पिढ्या आहे तेवढीच राहण्यासाठी हा दर साधारण २.१ लागतो. म्हणजे देश त्याच्या खाली आला आहे. बिहारमध्ये तो त्या पाहणीत ३.० होता, उत्तर प्रदेशात २.४, महाराष्ट्रात १.७. आणि गोव्यात १.३. तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या १.३ मध्ये आहे.

आता ती लगेच विचारील, दर खाली आला तर आकडा अजून वाढतोच कसा? इथे फळ्यावर एक गणित करा. एका वाड्यावर दहा जोडपी आहेत, प्रत्येकाला पाच मुले. झाली पन्नास मुले, त्यांत पंचवीस मुली. त्या मुली मोठ्या झाल्या, त्यांनी दोनच मुलांवर थांबायचे ठरवले. पंचविसाला दोन, म्हणजे पुन्हा पन्नास. जननदर पाचावरून दोनावर आला, आणि पाळणे मात्र तेवढेच हलले! त्याच वेळी वाड्यावर म्हातारी माणसे पहिल्या दहा जोडप्यांतलीच, म्हणून मृत्यू थोडे. जन्म पन्नास आणि मृत्यू वीस असतील तर वाडा वाढणारच. ही वाढ थांबेल ती दुसऱ्या पिढीतले पन्नास जण म्हातारे होतील तेव्हा. भारत आज या मधल्या अवस्थेत आहे. एप्रिल २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार आपण १४२ कोटींचा टप्पा ओलांडून चीनच्या पुढे गेलो, आणि त्यांच्याच अंदाजाप्रमाणे २०६० च्या दशकात सुमारे १७० कोटींवर पोचून नंतर उतरणीला लागू. आज दोनच मुले असलेल्या तरुण जोडप्याला ‘तुमच्यामुळे देश भरून चालला’ असे बोलणे अन्यायाचे आहे. आजची वाढ त्यांच्या आजी-आजोबांच्या पिढीत ठरून गेली.

आता दिल्ली. तिथे मात्र गोष्ट निराळी.

१९११ साली कलकत्त्याहून राजधानी हलवायची घोषणा झाली, तेव्हा आजच्या दिल्ली प्रदेशाची लोकसंख्या ४.१४ लाख होती. गोव्याची तेव्हा ४.८७ लाख, म्हणजे आपण दिल्लीपेक्षा मोठे होतो. १९४१ मध्ये दिल्ली ९.१८ लाखांवर गेली आणि १९५१ मध्ये १७.४४ लाखांवर. दहा वर्षांत नव्वद टक्के! कोणत्याही देशात नुसत्या जन्मांनी इतकी वाढ होत नाही. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून जवळपास पाच लाख निर्वासित दिल्लीत आले. त्याच वेळी तिथले तीन लाखांहून अधिक मुसलमान घरे सोडून निघून गेले. लाजपतनगर, राजेंद्रनगर या वस्त्या त्या निर्वासितांसाठी वसवल्या गेल्या. आकड्यांच्या त्या एका ओळीमागे केवढे दुःख आहे, हे मुलांना कळू द्या.

पुढे निर्वासित थांबले आणि कामासाठी येणारे सुरू झाले, प्रामुख्याने उत्तर प्रदेश आणि बिहारमधून. १९८१ मध्ये ६२ लाख, १९९१ मध्ये ९४ लाख, २००१ मध्ये १.३९ कोटी, २०११ मध्ये १.६८ कोटी. आणि याच दिल्लीचा जननदर २०१९-२१ मध्ये १.६ होता. नमुना नोंदणीच्या २०२३ च्या अहवालात तर तो १.२ आहे, देशातल्या सगळ्यांत कमी दरांपैकी एक. तरीही दिल्लीत दरवर्षी मृत्यूंपेक्षा जन्म बरेच जास्त होतात. कारण येणारा माणूस विशी-तिशीतला असतो. तो आला की ‘स्थलांतर’ या रकान्यात एकची भर पडते. चार वर्षांनी त्याला मूल झाले की ते ‘नैसर्गिक वाढ’ या रकान्यात जाते. दोन्हींचे मूळ एकच आहे, पण कागदावर त्या दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. दिल्लीच्या वाढीत जन्मांचा वाटा अमुक आणि स्थलांतराचा वाटा तमुक, असे तक्ते वाचताना हे लक्षात ठेवावे लागते.

आता ‘खरी दिल्ली कोणती’ हा प्रश्न. हा मला सगळ्यांत आवडला, कारण आमच्या कामातली निम्मी भांडणे हद्दीवरून व्हायची.

कागदोपत्री राजधानी नवी दिल्ली. नवी दिल्ली नगरपरिषदेच्या हद्दीत, जिथे संसद आणि राष्ट्रपती भवन आहे, २०११ मध्ये फक्त २.५८ लाख लोक राहत होते. आपल्या सासष्टी तालुक्यात त्याच वेळी २.९४ लाख होते. म्हणजे राजधानीपेक्षा मडगाव आणि आसपासची गावे मोठी! दिल्लीचा संपूर्ण केंद्रशासित प्रदेश धरला, १,४८३ चौरस किलोमीटर, तर १.६८ कोटी. त्यातला सलग नागरी भाग धरला तर १.६३ कोटी. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली दिल्लीसाठी २.८५ कोटी हा अंदाज दिला, तो गुरगाव, फरीदाबाद, नोएडा, गाझियाबाद अशी हरियाणा आणि उत्तर प्रदेशातली शेजारची शहरे जोडून. टोकियोला २०२८ च्या सुमारास मागे टाकण्याची बातमी त्या अहवालातली. पुढे नोव्हेंबर २०२५ च्या अहवालात त्यांनी शहराची व्याख्याच बदलली. प्रशासकीय हद्दी बाजूला ठेवून दाट वस्ती जिथवर सलग पसरली तिथवर एक शहर, असे सर्व देशांना एकच माप लावले. त्याबरोबर जकार्ता सुमारे ४.२ कोटींवर जाऊन पहिले आले, ढाका दुसरे, टोकियो तिसरे, आणि दिल्ली सुमारे ३ कोटींवर राहिली. जकार्तात एका रात्रीत कोणी उतरले नव्हते, बदलली होती ती मोजायची रेघ.

आपल्या पणजीचे तसेच आहे. २०११ मध्ये महापालिका हद्दीत ४०,०१७, आणि आजूबाजूची गावे धरून नागरी समूह म्हणून १.१४ लाख. दोन्ही आकडे जनगणनेचेच.

हद्द एका जागी ठेवून आत डोकावले तर आणखी एक गोष्ट दिसते. २००१ ते २०११ मध्ये नवी दिल्ली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २० टक्क्यांनी आणि मध्य दिल्लीची सुमारे १० टक्क्यांनी घटली. संपूर्ण दिल्लीची वाढही आधीच्या दशकातल्या ४७ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली. आणि हद्दीपलीकडचा गुरगाव जिल्हा त्याच दहा वर्षांत ७० टक्क्यांहून अधिक वाढला. झोपडपट्ट्या उठवल्या, भाडी वाढली, घरांची कार्यालये झाली, माणूस रेघेबाहेर राहायला गेला आणि रोज सकाळी मेट्रोने आत येऊ लागला. ‘दिल्लीची वाढ मंदावली’ हे वाक्य कागदावर बरोबर आहे, पण यमुनेच्या पाण्यावर आणि दिल्लीच्या हवेवर पडणारा भार त्याने कमी झाला नाही.

माणसे कुठून कुठे जातात, हे शोधायचे सोपे साधन म्हणजे लिंग गुणोत्तर, हजार पुरुषांमागे किती स्त्रिया. दिल्लीत २०११ मध्ये ते ८६८ होते. कामासाठी एकटे पुरुष येतात, हे त्याचे एक कारण. गोव्यात १९५१ साली हा आकडा होता ११२८. हजार पुरुषांमागे अकराशे अठ्ठावीस स्त्रिया! पुरुष गेले कुठे होते? मुंबईत धोबीतलावच्या कुडांत (गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांत), गिरगावच्या चाळींत, पूर्व आफ्रिकेत, बोटींवर. १९०० ते १९५० या पन्नास वर्षांत गोवा फक्त ४.७६ लाखांवरून ५.४७ लाखांवर गेला, म्हणजे १५ टक्के, आणि तेवढ्याच काळात भारत ५० टक्क्यांहून जास्त वाढला. आपल्या आज्यांना मुले कमी होत होती म्हणून नव्हे, ती मुले मोठी होऊन पोटापाण्यासाठी बाहेर पडत होती म्हणून. पोर्तुगीज राजवटीतून गोवा मुक्त झाल्यावर वारे फिरले. खाणी, बंदर, सरकारी कचेऱ्या, बांधकाम यांसाठी महाराष्ट्र, कर्नाटक, केरळमधून लोक आले. १९६१ ते १९७१ या एका दशकात गोवा ५.९० लाखांवरून ७.९५ लाखांवर गेला, आणि लिंग गुणोत्तर १०६६ वरून थेट ९८१ वर आले.

मात्र दिल्लीची सगळी तूट स्थलांतरावर ढकलून मोकळे होता येणार नाही. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत कोणी नोकरीसाठी एकटे येत नाही, आणि तिथेही दिल्लीचे गुणोत्तर ८७१ होते, देशाचे ९१९. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा कायदा १९९४ चा. तरीही हा आकडा आहे. गोव्यात तो ९४२ होता, आपल्यालाही अभिमानाने मान वर करण्यासारखा नाही. नववीच्या मुलींसमोर हे बोलायला संकोच वाटेल, पण बोला.

मोजणी प्रत्यक्ष कशी होते, हे मुलांना माहीत नसते, म्हणून दोन प्रसंग सांगतो. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी अशी चालली, आणि १ ते ५ मार्च पुन्हा फेरी. बार्देशच्या किनारपट्टीवर भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. दुपारी गेलो तर दारांना कुलपे, म्हणून रात्री आठनंतर जायचे. एका खोलीत पाच-सहा कामगार, स्टोव्हवर भात रटरटतोय. प्रगणक नावे विचारतो तर त्यांतला एक म्हणतो, आमची नावे गावी लिहिली असतील, इथे नको. त्याला समजवावे लागते की या सगळ्या काळात तू इथे होतास ना, मग तू इथलाच, गावी तुझे नाव लिहायचे नाही. आणि दुसरीकडे सासष्टीतल्या एका घरात आई आपल्या तारवटी मुलाचे नाव सांगते. घर त्याने बांधलेले, रेशनकार्डावर त्याचे नाव. पण तो नऊ महिन्यांच्या करारावर बोटीवर आहे, गणनेच्या काळात एक दिवसही घरी नव्हता. नियमाने त्याचे नाव लिहिता येत नाही. ती माउली रागावते, आणि तिचा राग आपल्याला कळतो. बिहारच्या मुलाला गोवेकर म्हणून लिहायचे आणि तिच्या मुलाला वगळायचे, हे तिला पटणे कठीण आहे. पण गोव्यात पाणी, डॉक्टर, बसगाड्या किती लागतील हे ठरवायचे तर आज इथे कोण आहे, तेच मोजावे लागते. २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली, रेल्वे स्थानकांवर, बाजारांच्या ओट्यांवर. त्यांचीही संख्या गोव्याच्या साडेचौदा लाखांत आहे.

आता तुमच्या वाड्यावरची शाळा. २०११ मध्ये गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती, दशकाची वाढ ८.२३ टक्के, देशाच्या निम्म्याहून कमी. साठीवरची माणसे ११.२ टक्के, देशात तेव्हा ८.६ टक्के. ६२ टक्के लोक शहरी भागात. म्हणजे गोव्यात मुले कमी होत आहेत, वृद्ध वाढत आहेत, आणि जी तरुण कुटुंबे आहेत ती वाळपई, फोंडा, म्हापसा, पणजीच्या आसपास सरकत आहेत. बाहेरून येणारे कामगार वास्को, मडगाव, किनारपट्टी आणि औद्योगिक वसाहतींच्या जवळ उतरतात. सत्तरीच्या आतल्या वाड्याला या भरतीचे थेंबही पोचत नाहीत. त्यात पालक गाडी लावून मुलाला दूरच्या इंग्रजी शाळेत पाठवतात, तीही गळती आहेच. पट कमी झाला तो या सगळ्यांमुळे, आणि देश वाढत असतानाच झाला. शिवाय गोव्यात साधारण पाचातले एक घर २०११ मध्ये रिकामे आढळले. कोणी परदेशात, कोणी मुंबईत, कोणी फक्त सुट्टीपुरते विकत घेतलेले.

इथे एक विनंती. गोव्यात लोकसंख्येचा विषय निघाला की गाडी लगेच परप्रांतीयांवर येते. जमीन, पाणी, भाषा यांची काळजी खरी आहे, ती मलाही आहे. पण आपल्याच पणजोबांची नावे एकेकाळी मुंबईच्या खानेसुमारीत ‘बाहेरून आलेले’ म्हणून लिहिली गेली, हे मुलांना ठाऊक असावे. आणि कचरा-पाण्याचा हिशेब मांडायचा तर पर्यटकही धरा. त्यांची मोजणी त्यांच्या गावी होते, पाणी मात्र ते आपल्याच साळावली आणि ओपा जलप्रकल्पांचे पितात.

वर्गासाठी एक काम सुचवतो. प्रत्येक मुलाने घरी विचारून यावे की आजीला किती भावंडे, आईला किती, आपल्याला किती, आणि त्यांतले आज गावात किती राहतात. तीस मुलांचे आकडे फळ्यावर मांडले की जननदराची घसरण आणि स्थलांतर दोन्ही दिसतील. आजीच्या रकान्यात ‘लहानपणीच वारले’ असाही वेगळा कप्पा ठेवा, तो रिकामा राहणार नाही.

शेवटी, उत्तरपत्रिकेत कोणता आकडा लिहायचा हे तुम्ही विचारले होते. मोजलेली शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची कोविडमुळे झाली नाही, पुढची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. त्यामुळे मुलाने ‘१२१.०९ कोटी, जनगणना २०११’ लिहिले तर पूर्ण गुण द्या. ‘१४२ कोटींहून अधिक, संयुक्त राष्ट्रांचा अंदाज, २०२३’ लिहिले तरी पूर्ण गुण द्या. दिल्लीसाठी आकड्याशेजारी कोणती हद्द ते लिहिलेले हवे. नुसता आकडा, ना साल ना हद्द, असेल तर एक गुण कापा आणि समासात कारण लिहा.